सावलीचा मुकादम आणि झाडांचे बिल्ले

माझ्या मामाचा कोणावरही विश्वास नव्हता आणि या बाबतीत तो लहान-मोठा, आपला-परका असा भेद करत नसे. मालकावर नाही, डॉक्टरवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही. वजनकाट्यावर आधी तो स्वतः उभा राहायचा, मगच पोतं ठेवू द्यायचा. कॉफीच्या मळ्यात चौतीस वर्षं काढून हा माणूस कॉफी पीत नसे. "मी तिला लहानाची मोठी होताना बघितलंय," म्हणायचा, "तिच्या अंगावर काय काय फवारतात ते मला विचार." म्हणून मामी त्याला चहा करून द्यायची. तो चहाही तो आधी हुंगायचा. मामी म्हणायची, "प्या हो निर्धास्त. मारायचंच असतं तर चौतीस वर्षं थांबले असते का?" यावर मामा कप खाली ठेवायचा आणि गंभीरपणे विचारायचा, "तेच मला कळत नाही. का थांबलीस?"

मळ्यात त्याचा हुद्दा होता सावलीचा मुकादम. नवख्या माणसाला हे ऐकून हसू येतं. सावलीवर कसली मुकादमी करायची? पण कॉफीचं झुडूप म्हणजे नाजूक प्रकृतीची सासुरवाशीण. फार ऊन लागलं की पानं करपतात, फार अंधार झाला की रुसून फळ धरत नाही. तिच्या डोक्यावर मोठ्या झाडांची छत्री हवी आणि त्या छत्रीला मोजून भोकंही हवीत. कुठल्या झाडाची कुठली फांदी उतरवायची, कुठली राखायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे सावलीचा मुकादम. मामाची रीत साधी होती. ऐन दुपारी तो मामीची पांढरी चादर घेऊन मळ्यात जायचा, ती दोन ओळींच्या मध्ये अंथरायचा आणि उकिडवा बसून चादरीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशांकडे डोळे बारीक करून बघत राहायचा. निम्मं ऊन, निम्मी सावली असली की मान हलवायची, नाहीतर वर बघून एखाद्या फांदीला शिवी द्यायची. त्यांच्या घरातली एकही धड चादर कधी पलंगावर झोपली नाही. सगळ्यांवर मातीचे आणि पाखरांच्या कृपेचे डाग.

त्याचा जीव होता तो वरच्या तुकड्यात. डोंगराच्या उतारावरचा तो भाग. मूळचं ते जंगलच होतं. मळा करताना खालची झुडपं काढली, त्या जागी कॉफी लावली आणि वरची जुनी झाडं तशीच ठेवली. त्यामुळे खालून बघितलं तर मळा आणि वरून बघितलं तर जंगल, असा तो दुहेरी कारभार. मामाला झाडांची पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती. त्याने आपली ठेवली होती. आजूबाजूचं सगळं ऊन एकटाच गिळणारा तो 'सावकार'. ज्याच्या चिकाने कोयता दोन दिवस हाताला चिकटून राहतो तो 'चिकटराव'. बारा महिने फळांनी लगडलेली आणि पाखरांचा राबता असलेली ती 'थोरल्या जाऊबाई'. पोटात ढोली पडलेलं ते 'बोळकं'. त्यांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि तऱ्हेतऱ्हेची फुलं बिनभाड्याने राहायची. फांदी उतरवायची वेळ आली की ज्या फांदीवर भाडेकरू जास्त, ती मामा गुपचूप सोडून द्यायचा आणि मालकाला सांगायचा, "तिथं गांधीलमाश्या आहेत."

मी तेव्हा मळ्याच्या कचेरीत कारकून होतो आणि मामाच्याच दोन खोल्यांत राहत होतो. म्हणून पुढचा सगळा प्रकार मला जवळून बघायला मिळाला.

त्याच्या आदल्या वर्षी मळा धाकट्या मालकांच्या हाती आला होता. ते शिकलेले, घाईचे आणि हातात सतत कागद असलेले. आल्या आल्या त्यांनी खालच्या तुकड्यातली जुनी झाडं काढली आणि उन्हात वाढणारी नवी कॉफी लावली. कडेने एका परदेशी झाडाच्या रांगा लावल्या. भराभर वाढणारं, सरळसोट, ना फळ ना फूल पाखराच्या उपयोगाचं. गडी त्याला 'खांब' म्हणत. ही तोड कशी झाली ते मामाने डोळ्यांनी बघितलं होतं. आधी एक माणूस आला आणि झाडांना गेरूचे पट्टे मारून गेला. आठव्या दिवशी करवती आल्या. त्या दिवसापासून मामाच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं: झाडाला माणसाने काहीही लावलं की झाड मेलं.

अशा मुहूर्तावर मोजणीबाई आल्या.

बाई चाळिशीच्या, पायात चिखलाचे बूट, पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण आणि हातात मोजपट्टी. झाडांच्या जाती मोजायला आल्या होत्या. धाकट्या मालकांनी कचेरीत मामाला बोलावून एवढंच सांगितलं, "मुकादम, या बाईंना वरचा तुकडा दाखवा." का, कशासाठी, ते सांगितलं नाही. मालक लोकांना कारण सांगायची सवय नसते आणि मामाला सांगितलेलं कारण खरं मानायची. त्यामुळे फारसं बिघडलं नसतं, पण बाईंनीच वाटेत सांगून टाकलं.

"मामा, मी ही झाडं वाचवायला आले आहे."

मामा थांबला. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती मागून येणाऱ्या मला चार पावलांवरून ऐकू आली.

"कशापासून?"

"तोडण्यापासून. इथे किती जातींची झाडं आहेत हे दाखवता आलं, तर कॉफीचे एक मोठे खरेदीदार जास्त भाव द्यायला तयार आहेत. मग मालक वरचा तुकडा आहे तसा ठेवतील."

"आणि दाखवता नाही आलं तर?"

"तर मग..." बाईंनी खालच्या तुकड्याकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं.

घरी येऊन मामाने बूट काढायच्या आधी निकाल दिला. "तोडणार. नक्की तोडणार. वाचवायला आलेला माणूस मोजपट्टी घेऊन येत नाही. मोजपट्टी शिंप्याची, नाहीतर सुताराची."

"अहो, बाई चांगल्या दिसतात," मामी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. इतकी चांगली बाई इतक्या लांब फुकट येईल का? कुठेतरी पाणी मुरतंय."

मग चार दिवस मामाने बाईंवर पाळत ठेवली. पाळत म्हणजे काय, तर बाई एका झाडाशी आणि मामा पुढच्या झाडाआड. पण मामाला जुना खोकला होता. बाई मोजपट्टी झाडाभोवती गुंडाळायच्या, घेर वहीत लिहायच्या आणि शेजारच्या झाडाकडे न बघताच म्हणायच्या, "मामा, पट्टीचं दुसरं टोक जरा धरता का?" मामा बाहेर यायचा, टोक धरायचा आणि पुन्हा जाऊन लपायचा. बाई झाडाचं नाव विचारायच्या तेव्हा मामा म्हणायचा, "जंगली आहे." दुसऱ्याचं विचारलं तर, "हेही जंगलीच." सावकार जंगली, चिकटराव जंगली, थोरल्या जाऊबाईसुद्धा जंगली.

पाचव्या दिवशी घात झाला. बाईंनी पिशवीतून पत्र्याचे छोटे गोल बिल्ले काढले. प्रत्येकावर आकडा. आणि मोजलेल्या एकेका झाडाला सुतळीने तो बिल्ला बांधत सुटल्या. संध्याकाळपर्यंत वरच्या तुकड्यातल्या दोनशे बारा झाडांच्या गळ्यात बिल्ले लटकत होते.

मामा घरी आला. चहा न हुंगता प्यायला, तेव्हा मामी घाबरली.

बाईंचं काम अजून अर्धंच झालं होतं. बिल्ला लावलेल्या प्रत्येक झाडाचं पान तोडून, त्यावरून जात ठरवायची होती. पण दुसऱ्याच दिवशी उतारावर त्यांचा पाय मुरगळला आणि त्या गावातल्या आपल्या खोलीवर पडून राहिल्या. पानं गोळा करायला त्यांचा एक सहकारी चार दिवसांनी येणार होता. त्या चार दिवसांत मामाने जेवणाची सुट्टी कधी झाडाखाली बसून काढली नाही. डबा न उघडता परत यायचा. मामी म्हणाली, "पोटात काही बिघाड आहे का?" मामा म्हणाला, "पोटात नाही, मळ्यात आहे." मला वाटलं, चादर पसरून सावली बघत असेल.

सहकारी आला. घाईतला माणूस, परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळे कुठला तुकडा हेही न विचारता कामाला लागला. बिल्ला दिसला की पान तोडायचं, कागदी पिशवीत टाकायचं, पिशवीवर आकडा लिहायचा. दीड दिवसात दोनशे बारा पिशव्या भरून स्वारी गेली. जाताना मला म्हणाला, "मला वाटलं होतं त्यापेक्षा काम फारच सोपं निघालं." मामा त्या दिवशी घरात चक्क शीळ घालत होता. शीळ घालणारा मामा हे दृश्य बघून मामीने मला खूण केली: काहीतरी झालंय.

आठवड्याने कचेरीत पत्र आलं. सहकाऱ्याने बाईंची वाट न बघता मालकांना परस्पर कळवून टाकलं होतं: वरच्या तुकड्यातल्या दोनशे बारा नोंदलेल्या झाडांपैकी दोनशे बाराही एकाच जातीची आहेत. धाकट्या मालकांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "चला, प्रश्न मिटला. सोमवारी करवतवाल्यांना बोलवा."

मी घरी येऊन मामाला हे सांगितलं, तेव्हा तो पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

"एकाच जातीची? कुठल्या?"

"खांबाच्या. पत्रातलं शास्त्रीय नाव मालकांनी धड वाचलंच नाही, मी रोपांच्या जुन्या पावतीवरून ताडलं."

मामी दारात उभी होती. तिने मामाकडे नुसतं बघितलं. माझ्या मामीच्या या बघण्यापुढे पोलीस ठाण्याची गरज नव्हती.

"काय केलंत?"

"काही नाही."

"काय केलंत म्हणते मी!"

मामाने कोयता बाजूला ठेवला. "बिल्ला म्हणजे तोड. मला वाटलं, तोडायचेच असतील तर खांब तोडा. कडेला उभेच आहेत चारशे. सोडवले बिल्ले इथून आणि बांधले तिथे."

"सगळे?"

"अर्धवट काम मी कधी केलंय?"

चौतीस वर्षांत जगात एकच माणूस असा आला, की जो ती झाडं खरोखर वाचवायला आला होता. आणि त्याच्याच कामावर मामाने पाणी ओतलं होतं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारी माणसं पुष्कळ पाहिली. पण धोंडा चार दिवस उतारावरून वाहून आणून, नीट नेम धरून मारणारा हा एकटाच.

"उठा," मामी म्हणाली. "मालकांना जाऊन सांगा."

"नोकरी जाईल. या खोल्याही जातील."

"चादरी तर केव्हाच गेल्या. उठा."

मामा गेला. मी सोबत होतो. मालक ओसरीत कागद चाळत बसले होते. मामाने सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. मालकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि हसले.

"मुकादम, तुम्हाला हे बोलायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही साहेब. मीच बिल्ले हलवले."

"दोनशे बारा बिल्ले तुम्ही एकट्याने हलवले? आणि तेही उलटसुलट अर्थ काढून? झाडं वाचवायची म्हणून हा बनाव आहे. बाईंनी पढवलं की काय?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दावर शंका घेणारा माझा मामा तिथे उभा राहून प्रथमच खरं बोलत होता आणि समोरचा माणूस मानत नव्हता. त्याचं तोंड असं झालं, की मला हसावं की रडावं कळेना.

"सोमवारपर्यंत शाबीत करा," मालक म्हणाले. "नाहीतर करवत."

मी कचेरीतून बाईंना फोन लावला. पलीकडून आवाज आला तो तापलेला होता. सहकाऱ्याने परत पाठवलेल्या पिशव्या त्यांनी त्याच सकाळी उघडल्या होत्या. "दोनशे बारा पिशव्या आणि दोनशे बारा तीच पानं! मी आंधळी आहे का? ज्या झाडाला माझी मिठी पुरली नव्हती, त्याचं पान काठीसारख्या झाडाचं कसं निघेल? मी निघालेच आहे. कोणी केलं हे?"

"मामाने," मी म्हणालो आणि फोन कानापासून लांब धरला.

रविवारी बाई काठी टेकत वर आल्या. मालकही आले, मजा बघायला. मामाने खांबांवरून सोडवलेले बिल्ले मामीच्या भाजीच्या टोपलीत भरून आणले होते. बाई एका दगडावर बसल्या, मांडीवर वही उघडली आणि मामाकडे अशा नजरेने बघितलं, जशी मामा इतरांकडे बघतो. वहीत प्रत्येक आकड्यापुढे त्या झाडाचा घेर लिहिलेला होता आणि ती वही मामाने कधी बघितली नव्हती.

"सांगा. सत्त्याऐंशी नंबर कुठे होता?"

मामाने क्षणभरही विचार केला नाही. "चिकटरावाला. ते काय, वाकडं खोड."

मी पट्टी गुंडाळली. बाईंनी वहीत बघितलं. घेर बोटभरही चुकला नव्हता.

"चौदा?"

"बोळक्याला. ढोलीच्या वर बांधला होता तुम्ही. सुतळीला दोन गाठी."

घेर बरोबर. गाठी दोनच घातल्याचं बाईंनाही आठवलं.

"दोनशे चाळीस?"

मामाचे डोळे बारीक झाले. "तो नंबरच नव्हता. मला फसवता काय?"

"तुम्ही मला फसवलं नाहीत का?" बाई म्हणाल्या आणि तिथे पहिल्यांदा दोघं हसले. मालकांची पहिली दहा झाडं टेहळणी करण्यात गेली, मामा कोणाच्या खुणेवर बोलतोय का ते बघत. विसाव्या झाडापाशी त्यांनी माझ्या हातून पट्टी घेतली आणि स्वतः गुंडाळली. साठाव्यापाशी त्यांनी कोट काढला. सूर्य मावळायच्या आत बिल्ले सगळे आपापल्या झाडाला परत लागले होते. एकही चुकला नाही. जाताना मालक म्हणाले, "सोमवारी करवतवाल्यांना येऊ नका म्हणावं." आणि जरा थांबून, "मुकादम, या कामाचे चार दिवस तुमच्या रजेत धरतो." मामाला एकदम हलकं वाटलं. शिक्षा झाली म्हणजे गोष्ट खरी धरली गेली.

पुढच्या पंधरवड्यात मोजणी पुन्हा झाली, या वेळी मामा सगळ्या झाडांची त्याने ठेवलेली नावं सांगत आणि बाई पुस्तकातली लिहीत. एकाहत्तर जाती निघाल्या, खरेदीदारांना दाखवायला पुरून उरतील इतक्या. खालच्या तुकड्यात सहा होत्या. मामाची छाती अशी फुगली, जणू एकाहत्तरही त्याच्याच पोटच्या.

"आणि डोंगरापलीकडच्या जंगलात?" त्याने ऐटीत विचारलं.

"जवळजवळ दुप्पट," बाई म्हणाल्या. मग वहीचं पान उलटलं. "मामा, एक गोष्ट मला कळत नाही. इथे आजोबा आहेत, आज्या आहेत. पोरं कुठे आहेत?"

"कुणाची?"

"झाडांची. गुडघ्याएवढं, कमरेएवढं एकही रोप मला सापडलं नाही. जंगलात पावलागणिक आहेत. ही म्हातारी झाडं एक दिवस पडणार. त्यांच्या जागी कोण येणार?"

मामाने पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. उत्तर अगदी सोपं होतं. कॉफीखालची जमीन आरशासारखी ठेवायची, ही मळ्याची रीत. दर दोन महिन्यांनी खुरपणी. कॉफी नसेल ते सगळं तण. चौतीस वर्षं खुरपणीवाल्यांच्या मागे उभं राहून तो ओरडत आला होता, "हे राहिलं! ते राहिलं! काडी दिसता कामा नये!" थोरल्या जाऊबाईंची किती पोरं, चिकटरावाची किती नातवंडं त्याने चार पानांची होऊ दिली नव्हती.

घरी तो म्हणाला, "करवत तरी बरी. आवाज होतो, माणूस सावध होतो."

मामीने चहा पुढे ठेवला. "आता काय करणार आहात?"

"मालकांकडे जाणार."

मालकांनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. वरच्या तुकड्यातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठची वीस पावलं रुंदीची पट्टी खुरपायची नाही? "मुकादम, हा कामचुकारपणा तर नाही ना?"

"असू शकतो," मामा म्हणाला. "म्हणून तर तुम्ही दर महिन्याला येऊन बघत जा."

हे उत्तर मालकांना पटलं. संशयी माणसाला संशयाची सोय करून दिली की तो शांत होतो. मामाला हे बरोबर ठाऊक होतं.

पण खरी अडचण पुढेच होती. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खुरपणीला मी ओढ्याकाठी गेलो, तेव्हा मामा जमिनीला नाक लावून बसला होता. आभाळाएवढी झाडं नुसत्या सालीवरून ओळखणारा माणूस, पण त्यांचं बोटभर पोर त्याला ओळखू येत नव्हतं. कधी वाढूच दिलं नाही, तर ओळखणार कुठून? दोन हिरव्या पानांचं काहीतरी होतं, ते गवत की झाड, त्याला सांगता येईना. खुरपणीवाल्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मुकादम, हे काढायचं का?" त्यांच्यातली सर्वांत जुनी म्हणाली.

"नको."

"काय आहे ते?"

"माहीत नाही."

"माहीत नाही तर ठेवता कशाला? आजवर तर तुम्हीच म्हणायचा, ओळखू येत नाही ते उपटा!"

"म्हणायचो," मामा म्हणाला. त्याने ते रोप चारी बाजूंनी न्याहाळलं. "आता ओळखू येत नाही म्हणूनच ठेवा."

"आणि उद्या तुमचा विचार बदलला म्हणजे?"

मामा उठला, गुडघे झटकले. "बदलेल. माझा काही भरवसा धरू नका. पुढच्या खुरपणीला मीच येऊन उपटीन." त्याने शेजारची एक वाळकी काठी उचलून तिच्या हातात दिली. "ही त्याच्याजवळ खोल रोवा. आणि मी इकडे फिरकलो तर मला हाकला."

तिने काठी रोवली. मग बाकीच्या सगळ्या हसत पुढे सरकल्या आणि ओढ्याच्या काठाने अनोळखी पानं शोधत काठ्या रोवत निघाल्या. मामा त्यांच्या मागे मागे चालला होता आणि दर चार पावलांवर कुणीतरी ओरडत होतं, "मुकादम, लांब राहा!"